राजा कोण ते नंतर, आधी चावी कुणाकडे ते सांगा

गेल्या महिन्यात माझ्या ऐरोलीच्या भाच्याच्या देशात क्रांती होता होता राहिली. देश मोबाईलवरचा आहे, पण रुसवेफुगवे अस्सल होते.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे मित्रमैत्रिणी, एकूण नऊ जण, कुणी घणसोलीचा, कुणी कळव्याचा, एक डोंबिवलीची, असे मिळून एका ऑनलाइन राजकीय खेळात आपला प्रदेश चालवतात. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी मतदान घेऊन ठरवलं की आपल्याकडे राजा असावा. सात विरुद्ध दोन. राजा कोण झाला? ज्याने मुळात तो प्रदेश उघडला होता, तोच. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग डोंबिवलीच्या मुलीने राजाच्या एका निर्णयावर चार खरमरीत ओळी लिहिल्या आणि राजाने बटण दाबून तिला प्रदेशाबाहेर काढलं. बाकीच्यांनी आरडाओरडा केला तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं: "तुम्हीच मतं देऊन मला राजा केलंत. आणि राजेशाहीत लोकशाही कुठून आली?"

रविवारी भाचा ठाण्यात नौपाड्याला आमच्याकडे जेवायला आला तो हे सगळं डोक्यात घेऊनच. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे असले तंटे घरी येतातच. हात धुण्याआधीच त्याने विचारलं, "मावशी, तू सांग. राजेशाही लोकशाही असू शकते की नाही?"

असू शकते. पण त्याच्या राजाने जी दोन वाक्यं तोंडावर फेकली ती दोन्ही चूक आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी चूक आहेत. त्या दिवशी आमटी निवत असताना मी जे सांगितलं ते जरा सविस्तर इथे लिहिते.

मेन्यूतली भानगड

राजेशाही आणि लोकशाही एकमेकींच्या सवती आहेत, हा समज या मुलांच्या डोक्यात बराचसा खेळांनीच घातला आहे. 1991 साली 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ आला. त्यात सरकारचा प्रकार यादीतून निवडायचा असे: निरंकुश सत्ता, राजेशाही, साम्यवाद, प्रजासत्ताक, लोकशाही. एक घेतला की दुसरा गेला. इडली हवी की डोसा, दोन्ही एका प्लेटमध्ये मिळणार नाहीत. 2016 सालच्या 'स्टेलारिस' या अंतराळातल्या खेळातही तसंच. तिथे सत्तेच्या मुख्य जाती चार: लोकशाही, मूठभरांची सत्ता, हुकूमशाही आणि साम्राज्य. वारसाने गादी हवी असेल तर साम्राज्य घ्या, आणि मग निवडणुका विसरा.

खेळ करणाऱ्यांचा यात फारसा दोष नाही. खेळाडूला निवड सोपी वाटावी म्हणून त्यांनी दोन वेगळे प्रश्न एकाच रकान्यात कोंबले. पहिला प्रश्न: राज्याच्या शिखरावर कोण बसतं आणि ते पद कसं मिळतं? जन्माने, निवडणुकीने की बंदुकीने? दुसरा प्रश्न: प्रत्यक्ष निर्णय कोण घेतं आणि त्या निर्णय घेणाऱ्याला लोक घरी पाठवू शकतात का? राजेशाही हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. लोकशाही हे दुसऱ्याचं. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांना खोडून काढत नाहीत.

हे एका खेळाला बरोबर कळलं आहे. 2022 साली आलेल्या 'व्हिक्टोरिया 3' मध्ये दोन स्वतंत्र रकाने आहेत. एकात राज्यप्रमुखाचा प्रकार ठरतो: राजेशाही, अध्यक्षीय प्रजासत्ताक, संसदीय प्रजासत्ताक वगैरे. दुसऱ्यात मताची ताकद कुणाकडे हे ठरतं: एकट्याकडे, जमीनदारांकडे, पैसेवाल्यांकडे की सर्वांकडे. तिथे तुम्ही राजा ठेवून सार्वत्रिक मतदान आणू शकता. राष्ट्राध्यक्ष ठेवून लोकांचं मत काढूनही घेऊ शकता. भाच्याला मी हे सांगितल्यावर तो म्हणाला की तो खेळ महाग आहे. असो.

आपल्याकडे हा फरक समजावायला परदेशात जायची गरजच नाही. कुठल्याही सार्वजनिक मंडळाची पावती बघा. वर 'अध्यक्ष' म्हणून एखाद्या वयोवृद्ध प्रतिष्ठित गृहस्थाचं नाव असतं. ते उद्घाटनाला येतात, नारळ फोडतात, दोन शब्द बोलतात. खाली 'कार्याध्यक्ष' असतो. मांडववाल्याशी घासाघीस, पोलिसांची परवानगी, वर्गणीचा हिशोब, सगळं त्याच्या माथी. मंडळ कसं चालतंय हे अध्यक्षांच्या फोटोवरून कळत नाही. कार्याध्यक्षाला हिशोब कोण विचारतं, त्यावरून कळतं. घटनात्मक राजेशाही म्हणजे अध्यक्षपद एका घराण्यात ठेवून कार्याध्यक्षाची दर काही वर्षांनी निवडणूक घेणं.

मुकुट आहे, पण हात बांधलेले

ब्रिटनमध्ये संसदेने संमत केलेल्या विधेयकावर राजाची मान्यता लागते. कागदावर राजा ती नाकारू शकतो. शेवटचा नकार 1708 साली आला, राणी अ‍ॅनच्या काळात, स्कॉटलंडमधल्या मिलिशियाच्या विधेयकाला. तोही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. त्यानंतर तीनशे वर्षांहून अधिक काळ ते बटण कुणी दाबलेलं नाही. 'कुणी दाबलेलं नाही' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

स्वीडनने बटणच काढून टाकलं. 1974 च्या राज्यघटनेनंतर तिथल्या राजाला पंतप्रधान नेमायचाही अधिकार उरला नाही. ते काम संसदेचा सभापती करतो. जपानच्या 1947 च्या घटनेत सम्राट हा राष्ट्राचं प्रतीक आहे, सार्वभौमत्व लोकांकडे आहे. नॉर्वेची गोष्ट मला सगळ्यात आवडते. 1905 साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डेन्मार्कच्या राजपुत्र कार्ल यांना गादी देऊ केली. राजपुत्र म्हणाले, आधी लोकांना विचारा. सार्वमत झालं, सुमारे 79 टक्के मतदारांनी राजेशाहीच्या बाजूने कौल दिला, मग ते हाकोन सातवे या नावाने राजा झाले. म्हणजे मतदानाने राजा आणणं ही भाच्याच्या मंडळींची आचरट कल्पना नव्हे, तिला इतिहास आहे. (त्या सार्वमतात बायकांना मत नव्हतं. 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न नेहमी मागच्या दाराने आत येतो.)

बेल्जियममध्ये 1990 साली तर कमालच झाली. गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा संसदेने केला. राजे बोदुआँ कट्टर कॅथलिक, त्यांची सद्सद्विवेकबुद्धी सही करू देईना. सरकारने मार्ग काढला: राजे तूर्तास राज्यकारभार करण्यास असमर्थ आहेत असं मंत्रिमंडळाने जाहीर केलं, मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या, आणि संसदेने राजांना लगेच पुन्हा कामावर घेतलं. सगळं मिळून दीडएक दिवसात. राजाचं मन राखलं आणि लोकांनी निवडलेल्यांचा कायदाही झाला. राजाशी असहमती झाल्यावर कोण बाजूला सरकतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

जवळचं उदाहरण भूतानचं. तिथे राजानेच लोकांच्या मागे लागून लोकशाही आणली. 2008 मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या, नवी घटना आली. त्या घटनेत राजाने वयाच्या 65 व्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, आणि संसदेच्या संयुक्त बैठकीत तीन चतुर्थांश मतं पडून सार्वमताने दुजोरा दिला तर राजाला पायउतार व्हावं लागतं. मलेशियात तर नऊ राज्यांचे वंशपरंपरागत राज्यकर्ते आपल्यातून दर पाच वर्षांसाठी एकाला देशाचा राजा निवडतात. भिशी लागावी तशी.

आपण स्वतः काही काळ या रकान्यात होतो, हे मी वर्गात सांगितलं की मुलं चमकतात. 15 ऑगस्ट 1947 ते 26 जानेवारी 1950 या काळात भारत हा वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा असलेला देश होता. नेहरू पंतप्रधान, आधी माउंटबॅटन आणि नंतर राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल, आणि औपचारिक राज्यप्रमुख राजे सहावे जॉर्ज. आपली राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा देशाच्या डोक्यावर कागदोपत्री मुकुट होता.

राजा दुबळा, म्हणून लोक बलवान?

इथे बरेच जण उडी मारतात आणि पडतात. राजाकडे सत्ता नसली की लोकशाही, असं सूत्र ते बनवतात. आपलाच इतिहास त्या सूत्राचे कान धरतो. 1749 च्या अखेरीस छत्रपती शाहू महाराज साताऱ्यात वारले. त्यानंतर सातारच्या गादीवर छत्रपती होते, पेशवाईची वस्त्रं त्यांच्याकडूनच यायची, मानपान सगळा होता, पण कारभार पुण्याहून पेशवे पाहत. राजा जवळजवळ आजच्या स्वीडनच्या राजाइतकाच नामधारी. मग सत्ता लोकांकडे आली का? ती एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे गेली. पेशवेपदही वंशपरंपरेनेच चाललं. नेपाळात 1846 पासून 1951 पर्यंत हेच घडलं. राजे राजवाड्यात आणि राणा घराण्याचे वंशपरंपरागत पंतप्रधान सत्तेत.

आणि मुकुट नसला म्हणजे प्रजासत्ताक, हेही नाही. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात 'लोकशाही', 'जनता' आणि 'प्रजासत्ताक' हे तिन्ही शब्द आहेत. सत्ता आजोबांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली आहे. पाटी वाचून दुकानातला माल कळत नाही.

आणखी एक गोंधळ आपल्याकडे फार प्रेमाने केला जातो. चांगला राजा म्हणजे लोकशाहीच की, असं म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या समाजांसाठी 50 टक्के जागा राखल्या. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोद्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. त्या काळात ब्रिटिश मुलखातही हे नव्हतं. दोघांपुढे मी मनापासून हात जोडते. पण त्या हुकमांमागे राजाची सही होती, मतपेटी नव्हती. राजा बदलला असता आणि नव्या राजाला ते पटलं नसतं तर प्रजेच्या हातात अर्जविनंतीपलीकडे काय होतं? रयतेचं भलं करणं आणि रयतेला विचारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पहिलीची हमी देत नाही, हेही तितकंच खरं.

मग राजाने स्वतःहून रयतेला सत्ता दिल्याचं उदाहरण? तेही आपल्याच घरात आहे. सातारा-सांगली भागात विखुरलेलं औंध संस्थान, 72 गावांचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. अनेकांना ते सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि चित्रकलेचे दर्दी म्हणून माहीत असतात. 1938 च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं की आपण सत्ता प्रजेच्या हाती देणार. 1939 च्या सुरुवातीला औंधची स्वराज्य घटना आली. तिच्या आखणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर आणि राजपुत्र अप्पा पंत त्यात आघाडीवर होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती, त्यावर विधिमंडळ. राजा राहिला, पण कारभार खालून वर चालू लागला. हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात दीड ओळीचा असतो, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

औंधलाही एक मोठी मर्यादा होती, आणि तीच आपल्याला परत खेळाकडे घेऊन जाते. औंधच्या राजाने प्रजेला काहीही दिलं तरी वर इंग्रज सार्वभौम होते. त्यांनी मनात आणलं असतं तर सगळं गुंडाळता आलं असतं. संस्थानिक राजे होते, पण सर्व्हर दुसऱ्याचा होता.

खेळात नेमकं काय होतं

भाच्याचा खेळ कुठला ते सोडा. या जातीतला जुना आणि नावाजलेला खेळ म्हणजे 'नेशनस्टेट्स'. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने तो 2002 च्या नोव्हेंबरात सुरू केला. तुम्ही एक देश काढता. नाव देता, झेंडा लावता, 'किंगडम' म्हणायचं की 'रिपब्लिक' हे निवडता. मग तुमच्यासमोर प्रश्न येत राहतात: शेतकऱ्यांना सवलत द्यायची का, वर्तमानपत्रांवर बंधनं घालायची का, निवडणुका हव्यात का. तुम्ही पर्याय निवडता आणि त्यानुसार देशाचे आकडे हलतात. नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य या तीन मापांवरून खेळ तुमच्या देशाला 27 पैकी एका प्रकारात बसवतो.

यातली गंमत बघा. 'किंगडम' ही नुसती पाटी आहे. ती लावून तुम्ही प्रत्येक वेळी निवडणुकांच्या बाजूने कौल दिलात तर खेळ तुम्हाला सरळ कुठल्यातरी लोकशाहीच्या प्रकारात टाकतो. म्हणजे खेळाच्या गणितानुसार राजेशाही लोकशाही असू शकते, प्रश्न मिटला.

पण मिटला का? तुमच्या देशात निवडणुका व्हाव्यात की नाही हे कोणी ठरवलं? ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये ऐरोली ते ठाणे उभं राहून, अंगठ्याने, तुम्ही. तुमचे कोट्यवधी नागरिक म्हणजे डेटाबेसमधला एक आकडा. त्यांनी कधी मत दिलं नाही, देणारही नाहीत. अशा खेळात देशापुरता प्रत्येक खेळाडू निरंकुश सम्राट असतो. फक्त त्यातल्या काही सम्राटांना लोकशाही दिसायला आवडते. तेव्हा देशाच्या पातळीवर हा प्रश्न म्हणजे भातुकलीतली भाकरी.

खरा प्रश्न उभा राहतो तो प्रदेशाच्या पातळीवर, कारण तिथे खरी माणसं असतात. अनेक देश मिळून एक प्रदेश होतो. या खेळात एक जागतिक सभा आहे. (तिचं नाव आधी संयुक्त राष्ट्रसंघ असंच होतं, 2008 मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं.) एका माणसाने कितीही देश काढले तरी त्या सभेत त्याचा एकच देश बसू शकतो. बोगस मतदानावरचा हा बरा उपाय आहे. प्रदेशातले सदस्य देश एकमेकांना पाठिंबा देतात आणि ज्याला सर्वाधिक पाठिंबा तो प्रदेशाचा प्रतिनिधी होतो. पाठिंबा कधीही काढून घेता येतो, त्यामुळे ही पाच वर्षांनी येणारी निवडणूक नाही, रोजचीच आहे.

इथपर्यंत ऐकून वाटतं, वा, काय लोकशाही आहे. पण 2023 पर्यंत तिथे प्रतिनिधीच्या वर आणखी कुणीतरी बसलेला असे: ज्याने प्रदेश स्थापन केला तो, संस्थापक. लोकांना बाहेर काढणं, प्रदेशाला पासवर्ड लावणं, प्रतिनिधीचे अधिकार छाटणं, हे त्याला करता यायचं. आणि त्याला कुणी निवडलेलं नसायचं.

बिल्डर आणि सोसायटी

इथे मी भाच्याला त्याच्याच घराचं उदाहरण दिलं. ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं.

बिल्डर इमारत बांधतो, फ्लॅट विकतो. रहिवासी सोसायटी नोंदवतात, दर पाच वर्षांनी कमिटी निवडतात, वार्षिक सभेत पार्किंगवरून गळे धरतात. अगदी ग्रीक नगरराज्य. पण जमीन अजून बिल्डरच्या नावावर असते, कारण कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणं, झालेलं नसतं. 1963 च्या मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्यानुसार ते सोसायटी स्थापन झाल्यावर ठरावीक मुदतीत करून द्यायचं असतं. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं होत नाही. मग बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्याकडून ते मिळवायचं, त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. रोजच्या व्यवहारात काही फरक पडत नाही. लिफ्ट चालते, पाणी येतं, चेअरमन सह्या करतो. मग पुनर्विकासाची गोष्ट निघते आणि चेअरमनला कळतं की आपण ज्या राज्याचे निवडून आलेले प्रमुख आहोत त्या राज्याचा सातबारा दुसऱ्याकडे आहे.

खेळातला संस्थापक म्हणजे कन्व्हेयन्स न दिलेला बिल्डर. तुम्ही फोरमवर शंभर कलमांची घटना लिहा, संसद भरवा, न्यायाधीश नेमा. खेळाच्या कोडला तुमची घटना माहीत नाही. कोडला फक्त एवढंच कळतं की बाहेर काढायचं बटण कुणाच्या खात्यावर आहे.

म्हणून भाच्याच्या राजाचं पहिलं वाक्य, 'तुम्हीच मतं देऊन राजा केलंत', ऐकायला बिनतोड वाटलं तरी पोकळ होतं. मतदानाने त्याला मुकुट मिळाला. चावी त्याच्याकडे आधीपासूनच होती, आणि ती कधी मतदानाला ठेवलीच नव्हती. शिवाय निवडून आलेला माणूसही लोकशाहीवादी असेलच असं नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा यावर एक अतिशय व्यवहारी सवाल आहे: राज्य कुणी करावं हे विचारत बसण्यापेक्षा, वाईट राज्यकर्त्याला रक्तपात न करता कसं घालवता येईल ते विचारा. या पोरांनी राजाला आणायचं कलम लिहिलं होतं. घालवायचं लिहिलंच नव्हतं.

आता 'कुणी दाबलेलं नाही' या बटणाकडे परत येऊ. भाचा म्हणाला, "पण मावशी, ब्रिटनच्या राजाकडेही बटण आहेच ना? मग तिथे लोकशाही आणि आमच्याकडे नाही, असं का?"

प्रश्न चांगला होता. न वापरलेला अधिकार हा मेलेला अधिकार असतोच असं नाही. 11 नोव्हेंबर 1975 रोजी ऑस्ट्रेलियात राणीचे प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल सर जॉन केर यांनी निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना थेट बडतर्फ केलं. वरिष्ठ सभागृहाने पैशाची विधेयकं अडवून धरली होती, कोंडी झाली होती. अधिकार घटनेत होता, पण तो असा वापरला जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. महिन्याभराने निवडणूक झाली, व्हिटलम हरले, आणि केर यांनी केलं ते बरोबर की चूक यावर तिथले लोक अजून भांडतात.

ब्रिटनचं बटण कशाने अडून राहतं? राजाने ते दाबलं तर गादी जाऊ शकते, हे राजाला माहीत आहे. नेपाळच्या ग्यानेंद्रांनी 1 फेब्रुवारी 2005 रोजी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली. पुढच्या वर्षी लोक रस्त्यावर आले आणि 28 मे 2008 रोजी नेपाळची राजेशाहीच संपली. संकेत पाळले जातात ते नुसत्या सभ्यतेने नाही, मोडल्याची किंमत असते म्हणून.

खेळात ती किंमत जवळपास शून्य. राजाला फार तर एक प्रदेश गमवावा लागेल, दुसरा पाच मिनिटांत उघडेल. खरी नावं नसतात, समोरासमोर गाठ पडत नाही. प्रजेकडे एकच हत्यार उरतं: उठून जाणं. तेही लहान नाही. जुन्या काळी सारा असह्य झाला की कुळं गाव सोडून परागंदा होत, आणि ओस गाव कुठल्याच सरदाराला परवडत नसे. खेळात परागंदा व्हायला एक क्लिक पुरतो. पण त्याला लोकशाही म्हणू नका. खानावळीतली भाजी आवडली नाही म्हणून दुसरीकडे जेवायला गेल्याने पहिली खानावळ सहकारी होत नाही.

मग संस्थापकच नको, असं कुणी म्हणेल. ते इतकं सोपं नाही, आणि या प्रकारच्या खेळात राजा ठेवण्याच्या बाजूचा सगळ्यात खणखणीत मुद्दा इथेच आहे. नेशनस्टेट्समध्ये 28 दिवस कुणी खात्यात शिरलं नाही तर देश नाहीसा होतो. सुट्टीवर जातोय असं सांगून ठेवलं तर 60 दिवस मिळतात. संस्थापकाचा देश असा गेला की प्रदेश उघडा पडायचा. मग बाहेरच्या टोळ्या ठरवून एकदम आत शिरत, एकमेकांना पाठिंबा देऊन आपलाच प्रतिनिधी बसवत आणि जुन्या रहिवाशांना हाकलत. तेही मतांच्या जोरावर, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या लोकशाही मार्गाने! यावर कुलूप म्हणून संस्थापक कामाचा. स्पेनमध्ये 23 फेब्रुवारी 1981 रोजी सैनिकांनी संसद ओलीस धरली तेव्हा राजे हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आले, घटनेच्या बाजूने उभे राहिले आणि उठाव फसला. कुलूप कधीकधी घर वाचवतं. फक्त कुलपाने घरातल्या माणसांना बाहेर ठेवू नये.

जेवण झाल्यावर तलावपाळीला चक्कर मारताना आम्ही दोघांनी त्याच्या प्रदेशासाठी घटनेचा कच्चा मसुदा केला, त्याच्या मोबाईलवर, मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून. राजा राहू द्या. झेंडा, स्वागत, सणाच्या शुभेच्छा, नव्या सदस्याला पदवी, सगळं त्याचं. रोजचा कारभार निवडलेल्या प्रतिनिधीचा. कुणाला बाहेर काढायचं असेल तर तीन निवडलेल्या सदस्यांपैकी दोघांची लेखी संमती हवी. बाहेरून टोळी आली तर राजा एकटा बटण दाबू शकतो, पण तीन दिवसांत सभेने मान्यता दिली नाही तर निर्णय मागे. नऊपैकी सहा जणांनी मागणी केली तर राजा बदलण्यावर मतदान, आणि त्या मतदानाला राजाची परवानगी लागणार नाही. या शेवटच्या वाक्यावर मी अडून बसले. ते नसेल तर बाकी कलमं वहीत ठेवली तरी चालतील.

भाच्याने विचारलं, "आणि राजाने हे सगळं धाब्यावर बसवलं तर?"

तर काही करता येणार नाही, कारण कोड त्याच्या बाजूने आहे. एवढंच की त्याने काय मोडलं हे सगळ्यांना एका कागदावर दिसेल, आणि आठ जण एकत्र उठून जातील. आज एकेकटे जातात.

बुधवारी रात्री मतदान झालं. घटना मंजूर, सात विरुद्ध शून्य, राजा तटस्थ. डोंबिवलीची मुलगी परत आली आणि आल्याबरोबर प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभी राहिली. संस्थापकाचं खातं अजून राजाकडेच आहे. काल भाच्याचा मेसेज आला: "मावशी, डीम्ड कन्व्हेयन्सला काय काय कागद लागतात?"